ग्रामसभेची किर्द आणि आपले अभ्यासक्रम



वाणिज्य, लोकप्रशासन आणि जनसंवाद शिकवणाऱ्या आपणा सर्वांचे आणि भामरागड, एटापल्ली, सिरोंच्याहून आलेल्या विद्यार्थ्यांचे हे अधिवेशन अहेरीत भरले आहे. नागपूर विद्यापीठात १९४९ साली लोकप्रशासनाचा स्वतंत्र विभाग निघाला. देशातल्या अगदी पहिल्या विभागांपैकी तो एक. त्याच्या नावात लोकप्रशासनाच्या जोडीला ‘स्थानिक स्वशासन’ही होते. त्या वर्षी अहेरीत अजून जमीनदारी होती. ती १९५१ मध्ये गेली. नागपुरात स्वशासन शिकवले जात होते आणि त्याच प्रांताच्या या टोकाला जंगलावर जमीनदाराचा हक्क होता. पुढे १९८२ मध्ये या भागाचा गडचिरोली जिल्हा झाला, २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाले. विद्यापीठ जवळ आले. अभ्यासक्रम तितका जवळ आला का, एवढेच मला आज विचारायचे आहे.

कारण दरम्यान गाव पुढे गेले आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला, पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याच्या हाती. ती परवाना-पुस्तिका ग्रामसभेच्या हातात पडायला २०११ चा एप्रिल उजाडला आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावे लागले. अधिकार कागदावर असणे आणि तो चालवता येणे यांत किती अंतर असते, हे शिकवायला याहून चांगला धडा मला माहीत नाही. तो आपल्याच जिल्ह्यातला आहे आणि त्या लढ्यातली माणसे आजही भेटतात.

आता तेंदूपत्त्याचे घ्या. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. पेसा या अनुसूचित क्षेत्रांच्या पंचायत कायद्याखालच्या अनेक ग्रामसभा आपला पत्ता आता स्वतः विकतात: निविदा काढतात, कंत्राटदाराशी करारनामा करतात, फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पुडे मोजून घेतात, मजुरी आणि रॉयल्टी घरोघर पोचवतात. ही खरीखुरी उलाढाल आहे. २०१७ मध्ये तेंदूपत्त्यावर अठरा टक्के जीएसटी लागला, तेव्हा करारातल्या भावावर त्याचा काय परिणाम होईल, हा प्रश्न गावाच्या बैठकीत आला. तो सोडवायला बी.कॉम. झालेला गावातला पोरगा पुढे यायला हवा होता. तो आला नाही. त्याला कंपनीचा ताळेबंद शिकवला होता. ग्रामसभा कोषाची किर्द कोणी समोर ठेवली नव्हती. यात त्या मुलाचा काही दोष नाही.

लोकप्रशासनाचेही तसेच. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची गणपूर्ती लागते आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. मोहफुलाच्या हंगामात, बाया पहाटेपासून रानात असताना ही गणपूर्ती कशी व्हायची? सभा कोणत्या वेळी बोलवायची, सूचना कोणी द्यायची, ठरावाची नक्कल कोणत्या कार्यालयात पोच घेऊन द्यायची? प्रशासन ते हेच. वुड्रो विल्सनचा प्रशासनाच्या अभ्यासावरचा १८८७ चा निबंध जरूर शिकवा, मीही शिकवतो. पण परीक्षेत एक प्रश्न असाही असू द्या: पुढील तपशिलावरून ग्रामसभेचा ठराव लिहा.

आणि जनसंवाद! या विषयाबद्दल मला सर्वांत जास्त तळमळ आहे. करारनामा मराठीत, तो ऐकणारी आजी माडिया बोलते, कंत्राटदाराचा माणूस कित्येकदा तेलुगू. इतक्या भाषा एका पारावर जमतात असे तालुके महाराष्ट्रात फार थोडे. एटापल्लीची माडिया बोलणारी मुलगी ‘थकबाकी’ आणि ‘अनामत’ यांतला फरक आपल्या आजीला तिच्या भाषेत समजावू शकली, तर सही किंवा अंगठा उमटण्याआधी गाव प्रश्न विचारील. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२ पासून पत्रकारिता शिकवली जाते. आपल्या भागातल्या बातम्या मात्र अजूनही बहुतेक चकमकीच्या आणि पुराच्या. ग्रामसभेने लिलाव कसा केला ही बातमी लिहायला त्या सभेची भाषा कळणारा वार्ताहर लागतो. तो इथेच बसला आहे, मागच्या रांगेत.

म्हणून माझा प्रस्ताव आहे. पत्रकारिता, वाणिज्य आणि लोकप्रशासन यांच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प एकत्र करावा. तिघांनी मिळून एका ग्रामसभेत तेंदूचा एक पूर्ण हंगाम काढावा: निविदेपासून शेवटच्या वाटपापर्यंत. ग्रामसभेची परवानगी आधी घ्यावी, आणि हिशेब तपासून झाला की तो आधी गावाला वाचून दाखवावा, मग आपल्याला. गुण देताना ग्रामसभेच्या अध्यक्षांचे मतही धरावे. यासाठी वेळापत्रक बदलावे लागेल, कारण हंगाम मे महिन्यात आणि आपल्या परीक्षाही त्याच सुमारास. हे अवघड आहे, याची मला जाणीव आहे. दुपारच्या सत्रात अभ्यासमंडळांचे सदस्य बसणार आहेत. परीक्षा पुढे घ्यायच्या की प्रकल्प दोन सत्रांत विभागायचा, हे त्यांनी आजच ठरवावे, म्हणजे येत्या हंगामाच्या आधी गावांशी बोलता येईल.