खिशातील तिजोरी आणि तिचे कुलूप

(मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर येथे कामगार व महिला बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुकुंदवाडीचे रेल्वे स्थानक, जालना रस्ता आणि चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत यांच्या परिसरात राहणाऱ्या आपणा मंडळींचा बराचसा दिवस गर्दीत जातो. पूर्वी खिसा कापला गेला तर त्या दिवसाची मजुरी जात असे. आज त्याच खिशात बँकेचे खाते, आधारची प्रत, लेकीबाळींची छायाचित्रे आणि गावाकडील साऱ्या आप्तांचे क्रमांक असतात.

मोबाईल चोरीस गेला म्हणजे मनात प्रथम यंत्राच्या किमतीचा विचार येतो. वास्तविक अधिक धोका सिमकार्डाचा असतो. पडद्याला कुलूप असले तरी चोर सिम काढून दुसऱ्या यंत्रात घालू शकतो आणि मग आपले ओटीपी त्याच्या हाती पडू लागतात. याकरिता सिमलाच स्वतंत्र पिन लावण्याची सोय सेटिंग्जमध्ये असते. ती फार थोड्यांना ठाऊक आहे. मात्र कंपनीने दिलेला मूळ पिन आधी विचारून घ्यावा. अंदाजाने आकडे टाकू नयेत. तीन वेळा चुकल्यास सिम बंद पडते व पीयूके क्रमांकावाचून उघडत नाही. कुलूपबंद पडद्यावर संदेशाचा मजकूर उमटणार नाही, अशी व्यवस्थाही करून ठेवावी. आणि पिन कागदावर लिहून मोबाईलच्या आवरणाखाली ठेवू नये. हे मी अधिकाराने सांगतो, कारण कित्येक महिने मी स्वतः तेच करीत होतो!

प्रत्येक यंत्रास १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबले की तो दिसतो. आज घरी गेल्यावर तो वहीत उतरवून ठेवा. यंत्र हरवल्यास पोलिसांत तक्रार नोंदवून त्या तक्रारीच्या आधारे ‘संचार साथी’ या शासकीय संकेतस्थळावर ते बंद करता येते. मग सिम बदलूनही ते देशातील कोणत्याही जाळ्यावर चालत नाही. ही व्यवस्था महाराष्ट्रात २०१९ साली सुरू झाली आणि मे २०२३ पासून देशभर लागू आहे.

आता ज्या विषयासाठी मी मुख्यतः आलो आहे, तो झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचा. पगार लांबला, घरात आजारपण आले, की पाच मिनिटांत पैसे देणारे ॲप देवासारखे वाटते. ते उघडताना संपर्कयादी व छायाचित्रे पाहण्याची अनुमती मागितली जाते आणि आपण ‘होय’ म्हणतो. हप्ता चुकला की त्याच यादीतील मेहुण्याला, मुकादमाला, शेजारणीला अपमानास्पद संदेश जातात. छायाचित्रे विद्रूप करून धाडली जातात. कर्ज काही हजारांचे असते, परंतु पणाला लागते ती घराची अब्रू. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांन्वये अशा ॲपना संपर्कयादी, कॉलची नोंद व फाईली पाहण्यास मनाई केली आहे. तेव्हा जे ॲप ही अनुमती मागते, ते नियम मोडणारे आहे असे समजून तेथूनच परत फिरावे. पूर्वी दिलेली अनुमती सेटिंग्जमधून काढून घेता येते. अर्थात, यादी एकदा बाहेर गेली की ती परत येत नाही.

“गरिबाला कसली आली गोपनीयता?” असे कोणी म्हणेल. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. त्यात उत्पन्नाची अट नाही.

लग्नपत्रिका किंवा वीजबिल म्हणून आलेली एपीके फाईल उघडू नये. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. व्हिडिओ कॉलवर कोणी ‘डिजिटल अटक’ केली, तर फोन ठेवून द्यावा. अशी अटक कायद्यात नाही.

एवढे करूनही पैसे गेलेच, तर लाजेपोटी रात्रभर गप्प बसू नका. तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवा. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम व वेळ हाताशी ठेवा. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवली जाते. तक्रार लवकर पोहोचली, तर ती वाटेत गोठविता येते.

ज्यांना सिमचा पिन लावावयाचा असेल, त्यांनी सभा संपल्यावर थोडा वेळ थांबावे. आपण तो येथेच, एकेकाच्या मोबाईलवर लावून पाहू.