बॅलिमलूची पंगत

पाहुण्याला काय वाढावें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. घरीं रोज शिजतें तेंच त्याच्यापुढें ठेवण्याचा संकोच वाटतो, आणि मग बाहेरून कांहीं आणण्याची धांवपळ सुरू होते. हा संकोच जसा एखाद्या घराचा असतो, तसा कधीं कधीं सबंध देशाचाहि असतो. आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील एका गृहिणीनें तो कसा टाकून दिला, याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

कॉर्क शहराच्या पूर्वेस, शॅनागॅरी गांवाजवळ, बॅलिमलू नांवाचा जुना वाडा आहे. त्याचा बुरूज पंधराव्या शतकांतील असून तो फिट्झजेराल्ड घराण्याच्या गढीचा अवशेष आहे. पुढील काळांत बुरुजाला लागून घर वाढत गेलें. समुद्र तेथून थोड्याच मैलांवर, आणि बॅलिकॉटन हें कोळ्यांचें बंदरहि जवळच. आयव्हन व मर्टल ॲलन या दांपत्यानें १९४७ च्या सुमारास हा वाडा भोंवतालच्या शेतीसह विकत घेतला. आयव्हन हे फळें व भाजीपाला पिकविणारे. घरचें दूधदुभतें, मळ्यांतील भाजी, बागेंतील सफरचंदें, आणि जेवावयास सहा मुलांची पंगत! मर्टलबाईंची पाककला वाढली ती पतीच्या प्रोत्साहनानें व या पंगतीच्या सरावानें. कोणत्याहि मोठ्या हॉटेलांत त्यांनीं उमेदवारी केलेली नव्हती.

मुलें मोठीं होऊन शिक्षणासाठीं घराबाहेर पडूं लागलीं. वाडा मोठा आणि माणसें थोडीं, असें झालें. तेव्हां १९६४ सालीं, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, मर्टलबाईंनीं आपल्या जेवणघराचें दार परक्यांना उघडलें. ‘ऐतिहासिक ग्रामगृहांत भोजनास या’ अशा अर्थाची एक लहानशी जाहिरात कॉर्कच्या वर्तमानपत्रांत दिली, एवढाच काय तो गाजावाजा. आयव्हन यांना चित्रांचा नाद होता. त्यांनीं संग्रहिलेलीं जॅक येट्स या आयरिश चित्रकाराचीं चित्रें भिंतींवर होतीं. म्हणून त्या भोजनगृहाला येट्स रूम असें नांव मिळालें. पुढें १९६७ पासून पाहुण्यांच्या मुक्कामाचीहि सोय झाली.

यांत धाडस काय होतें, हें समजण्यासाठीं त्या देशाची स्थिति लक्षांत घेतली पाहिजे. १८४५ सालीं बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि १८५२ पर्यंत चाललेल्या दुष्काळांत सुमारें १० लाख माणसें प्राणास मुकलीं. तितकींच किंवा त्याहून अधिक देशोधडीस लागलीं. ज्या भूमीनें असे दिवस पाहिले, तेथें घरच्या साध्या अन्नाविषयीं अभिमान बाळगणें सोपें नव्हतें. प्रतिष्ठित भोजनगृहांतील पदार्थ फ्रेंच वळणाचे असत आणि त्यांची यादीहि पुष्कळदां फ्रेंच भाषेंत असे. अशा वेळीं शेतकऱ्याच्या घरचें जेवण, घरच्याच भांड्यांत शिजवून, पैसे घेऊन वाढावयाचें! कोणी हंसलें असतें तरी नवल नव्हतें.

बाईंचा नियम एकच होता. आज मळ्यांत काय तयार आहे आणि होड्यांतून कोणती मासळी आली आहे, हें पाहून त्या दिवसाची यादी करावयाची. यादी आधीं ठरवून माल शोधावयाचा नाहीं. हें बोलावयास सोपें, पण आचरण्यास फार कठीण. वादळामुळें होड्या निघाल्या नाहींत तर मासळी नाहीं. ऋतु सरला कीं ती भाजीहि सरली. पाहुण्याच्या मनांतील पदार्थ त्याला मिळेलच, असें वचन तेथें देतां येत नाहीं. जें मिळेल तें मात्र ताजें मिळेल.

त्या पंगतींतील एका पदार्थाचें उदाहरण पुरे आहे. त्या किनाऱ्यावरील खडकांवर कॅरागीन नांवाचें तांबूस शेवाळ वाढतें. मोठ्या ओहोटीच्या वेळीं तें काढतात, आणि गवतावर पसरून ऊनपावसांत त्याचा रंग उडेपर्यंत वाळवितात. असें सुमारें ८ ग्रॅम शेवाळ ९०० मिलिलिटर दुधांत मंद आंचेवर वीसएक मिनिटें शिजवून गाळतात. त्यांत साखर, अंडें व व्हॅनिला घालून तें निववितात. आपल्याकडील चायना ग्रासप्रमाणें तें थिजतें. शेवाळ जास्त झालें तर पदार्थ रबरासारखा होतो व समुद्राची चव लागते. बेताचें असेल तर अत्यंत हलका व नाजूक उतरतो. गोरगरिबांचें व आजाऱ्यांचें म्हणून ओळखलें जाणारें हें शेवाळ मर्टलबाईंनीं मिष्टान्न म्हणून सन्मानानें मांडलें. बिनमळणीचा, काकवीसारखा काळा पाक घातलेला, सबंध गव्हाच्या पिठाचा पावहि त्यांनीं असाच मानाला चढविला.

लोक आले, आणि पुनः आले. १९७५ सालीं मिशलिनच्या प्रसिद्ध मार्गदर्शिकेनें बॅलिमलूला एक तारा दिला. १९७७ सालीं बाईंचें पाकपुस्तक निघालें. आयर्लंडमधील हॉटेलशिक्षण पुरें करून १९६८ सालीं त्यांच्या हाताखालीं शिकावयास आलेली डरिना नांवाची तरुणी पुढें त्यांची सून झाली. तिनें आपला भाऊ रोरी ओकॉनेल याच्यासह १९८३ सालीं शॅनागॅरी येथें पाकशाळा काढली. परंतु या मानसन्मानाहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. भोजनगृह आपल्या भोंवतींचाच माल घेऊं लागलें म्हणजे लहान मळेवाला, कोळी व खाटीक यांना गिऱ्हाईक मिळतें, आणि चांगला माल पिकविण्याची हौस टिकते. दूरच्या स्वस्त मालापुढें ही माणसें एकदां मोडलीं कीं त्यांचें कसबहि त्यांच्याबरोबर जातें. मग कितीहि पैसा टाकला तरी तें परत येत नाहीं. म्हणूनच १९८६ सालीं युरोपांतील नामांकित स्वयंपाक्यांनीं अस्सल व स्थानिक अन्नाच्या रक्षणासाठीं यूरो-टोक ही संस्था स्थापिली तेव्हां मर्टलबाई तींत हिरीरीनें पडल्या, आणि पुढें तिच्या अध्यक्षाहि झाल्या.

१३ जून २०१८ रोजीं, वयाच्या ९४ व्या वर्षीं, त्या निवर्तल्या. त्यांनीं परदेशांतून कांहीं नवें आणलें नाहीं. दाराशीं जें होतें त्याकडे पाहण्याची लाज तेवढी घालविली. पाहुण्यासाठीं पान मांडतांना ज्या गृहिणीच्या मनांत अजून संकोच उभा राहतो, तिनें बॅलिमलूची ही पंगत एकदां आठवावी.