मोबाइलची विद्या आणि आपला तालुका
(ज्युबिली समारंभांत अहमदपूर येथें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या ह्या आनंदाच्या प्रसंगीं मागील वर्षांचा आढावा इतर वक्त्यांनीं घेतलाच आहे. आम्हांस जो विषय नेमून दिला आहे तो अगदीं चालू काळाचा आहे. मोबाइल व इंटरनेट यांच्या विद्येवांचून आपल्या तालुक्यांतील शेतकऱ्याचें, दुकानदाराचें व मजुराचें काय अडतें, आणि ती विद्या त्यांस कशी मिळावी, हें सांगावयाचें आहे. विषय रुक्ष वाटेल. पण ज्याच्या पोटाशीं त्याचा संबंध आहे त्यास तो तसा वाटत नाहीं.

बालाघाटाच्या ह्या माथ्यावर सोयाबीन व तूर हींच आपलीं मुख्य पिकें. पूर्वीं पीकपाहणी तलाठी करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि आपल्या शेतांत काय पेरलें आहे याची नोंद खुद्द शेतकऱ्यानेंच शेतांत उभें राहून, मोबाइलवर छायाचित्र काढून करावी असें ठरलें. ही नोंद सातबारावर चढते. ती नसली म्हणजे हमीभावाच्या खरेदीस अडचण, आणि नुकसानभरपाईस अडचण. कसें पेरावें हें ज्यास आजोबापासून ठाऊक आहे, त्या गृहस्थास मीं सोयाबीन पेरलें आहे एवढें सरकारास कळविण्यासाठीं शेजारच्या पोराची वाट पाहावी लागते. पोरगा शिकावयास पुण्यास गेला असला म्हणजे मुदत टळते. हें दुःख आळसाचें नव्हे.

तार आली म्हणजे सर्व झालें, असें पुष्कळांस वाटतें. गांवोगांव तार नेण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्यें मंजूर झाली. तिलाच पुढें भारतनेट हें नांव मिळालें. डिसेंबर २०१७ पर्यंत देशांतील एक लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा पुरा झाला, आणि ऑगस्ट २०२३ मध्यें सुधारित योजनेस १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. रक्कम लहान नाहीं. परंतु पंचायतीच्या कचेरीपर्यंत आलेली तार तेथून घराघरांत आपोआप जात नाहीं. कचेरीस कुलूप असलें, किंवा वीज गेली, तर तिचा उपयोग कोणास? डोंगराच्या आडोशास असलेल्या वाडीतांड्यावर तर मोबाइलच्या लहरीही नीट पोंचत नाहींत. ह्याबद्दल ग्रामसभेंत लेखी मागणी केली पाहिजे. नुसतें कुरकुरून चालणार नाहीं.

कोल्हापूरकडील वारणानगरचा अनुभव येथें सांगण्यासारखा आहे. १९९८ मध्यें तेथील सुमारें ७० गांवें संगणकांनीं जोडण्याची मोठी योजना झाली. बाजारभाव, आरोग्य, शिक्षण, सर्व कांहीं त्यांतून द्यावयाचें होतें. प्रत्यक्षांत शेतकऱ्यांनीं संगणक मुख्यतः उसाच्या हिशेबासाठीं वापरला. पुढें २००७ च्या सुमारास कांहीं गांवांत तेंच काम मोबाइलवरील साध्या संदेशांनीं करून पाहिलें, तेंही चाललें. यंत्र किती भारी आहे हें शेतकरी पाहात नाहीं. आपलें अडलेलें काम त्यानें होतें कीं नाहीं एवढेंच तो पाहातो, आणि आमच्या मतें त्याचें बरोबर आहे.

शिकविण्याचाही प्रयत्न सरकारनें केला. फेब्रुवारी २०१७ मध्यें ग्रामीण भागासाठीं डिजिटल साक्षरतेची योजना मंजूर झाली. प्रत्येक घरांतील एका माणसास वीस तासांचें शिक्षण, असा तिचा बेत होता. ३१ मार्च २०२४ रोजीं ती संपली. घरांतील एकच माणूस म्हटला म्हणजे आपल्याकडे बहुधा मुलगा पुढें होतो. आई चुलीपाशींच राहाते, आणि बचतगटाचे पैसे खात्यांत जमा झाले कीं नाहीं हें तिला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावें लागतें.

दुकानदारांस वेगळें सांगावयास नको. २०१६ मध्यें यूपीआय आल्यापासून चहाच्या टपरीवरही ठिपक्यांची चौकोनी पाटी लागली आहे. मात्र ज्या वाटेनें पैसे येतात त्याच वाटेनें चोरही येतो. पैसे घेण्यासाठीं पिन कधींही लागत नाहीं. कोणी मागितला तर तो लुबाडणारा समजावा. फसवणूक झालीच तर लाज न धरतां तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर कळवावें. उशीर झाला म्हणजे पैसे एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत निघून जातात व हातीं लागणें कठीण होतें.

आतां आमची सूचना. दर रविवारीं मिस्सा आटोपल्यावर एक तास आपल्या तरुणांनीं वडीलधाऱ्यांजवळ बसावें. धर्म, जात न विचारतां जो येईल त्यास बसवून घ्यावें. शिकविणाऱ्यानें दुसऱ्याचा मोबाइल आपल्या हातांत घेऊं नये. बोट शिकणाऱ्याचेंच चालावें, मग वेळ कितीही लागो. ज्यांस अक्षरें जुळवितां येत नाहींत त्यांनीं मराठींत बोलून लिहावें. यंत्र तें उतरून घेतें. खरिपाच्या नोंदीपूर्वीं पहिला धडा पीकपाहणीचा ठेवावा. येतांना प्रत्येकानें सातबाराचा उतारा व स्वतःचा मोबाइल आणावा, आणि भगिनींनीं आपलें बँकेचें पुस्तकही बरोबर घ्यावें.