केसपेपरातला अर्थ



या परिषदेचा अध्यक्ष असलो तरी मी वॉर्डात राऊंड घेणारा फिजिशियन आहे, प्रोग्रॅमर नाही. वैद्यकीय मजकुराचा अर्थ संगणकाला कसा लावता येतो, हे इथे माझ्याहून जाणकार मंडळी सांगतील. तो अर्थ कधी आणि कोणासमोर लावला जावा, याबद्दल मात्र माझं ठाम मत आहे आणि आज तेवढंच मांडायचं आहे. सध्या हे काम बहुतेक ठिकाणी रुग्ण घरी गेल्यावर होतं. विम्याच्या दाव्यासाठी होतं, कोडिंगसाठी होतं, कोणाच्या प्रबंधासाठी होतं. ते व्हायला हवं नोंद लिहिली जात असताना, लिहिणाऱ्या डॉक्टरच्या समोर, रुग्ण अजून खुर्चीत बसलेला असताना.

ओपीडीतलं रोज कानावर येणारं वाक्य घ्या. "डॉक्टर, मला थायरॉईड आहे." निवासी डॉक्टर केसपेपरवर लिहितो, 'के/सी/ओ थायरॉईड', म्हणजे 'नोन केस ऑफ थायरॉईड'. थायरॉईड ही ग्रंथी आहे, ती सगळ्यांनाच असते. तिचं काम मंदावलंय की वाढलंय, ते त्या ओळीत कुठेच नाही, आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध आहेत. 'बीपी आहे', 'शुगर आहे' ही वाक्यंही याच जातीची. घरात, शेजारी बोलताना त्यानं काही बिघडत नाही, ऐकणाऱ्याला कळतं. पण मध्यरात्री तोच रुग्ण बेशुद्ध अवस्थेत आला, सोबत माहीतगार नातेवाईक नसला, तर ड्युटीवरच्या डॉक्टरच्या हातात ती एक ओळच असते.

इथे अर्थविश्लेषण काय करू शकतं ते पाहा. स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञाकोशात साडेतीन लाखांच्या आसपास संकल्पना आहेत आणि प्रत्येकीचं कूळ ठरलेलं आहे. हा आजार, हा अवयव, ही तपासणी, ही शस्त्रक्रिया. थायरॉईड ग्रंथी अवयवांत येते, हायपोथायरॉयडिझम आजारांत. आजाराच्या रकान्यात अवयव लिहिला गेलाय, एवढं ओळखायला फार मोठी बुद्धिमत्ता लागत नाही. पडद्यावर एकच प्रश्न उमटावा, हायपो की हायपर? डॉक्टर रुग्णाकडे वळून विचारेल, "गोळी कोणती घेता?" पिशवीतून गोळ्यांची पट्टी निघेल आणि नोंद तिथेच पुरी होईल. सहा महिन्यांनी रेकॉर्ड विभागातल्या बाईंना हाच प्रश्न पडला, तर त्यांनी कोणाला विचारायचं?

हा कोश आपल्याला परका नाही. अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या दोन संज्ञासंग्रहांच्या मिलाफातून तो 2002 मध्ये तयार झाला. 2014 पासून भारत त्याचा सदस्य देश आहे, त्यामुळे इथल्या रुग्णालयांना तो वापरायला परवाना-शुल्क पडत नाही. त्याचं राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅकमध्ये आहे. 2016 मध्ये सुधारलेल्या आपल्या आरोग्य-नोंदींच्या मानकांतही त्याला स्थान आहे. म्हणजे साधन दाराशी आलेलं आहे. अडलंय ते साधन आणि केसपेपर यांच्या मधल्या जागेत.

त्या मधल्या जागेचा अभ्यास नवा नाही. न्यू यॉर्क विद्यापीठात नाओमी सेगर यांनी 1960च्या दशकात भाषेच्या संगणकीय विश्लेषणाला हात घातला आणि पुढे तीच पद्धत वैद्यकीय नोंदींना लावून दाखवली. डॉक्टरांची तुटक, क्रियापद गाळलेली वाक्यंसुद्धा ठरावीक साच्यांत बसतात, हे त्यांच्या कामातून दिसलं. लॉरेन्स वीड यांनी 1968 मध्ये आग्रह धरला, की नोंद रुग्णाच्या एकेका समस्येला धरून लिहिली जावी. आज प्रत्येक विद्यार्थी तक्रार, तपासणी, अनुमान आणि योजना या क्रमाने लिहिण्याची जी 'सोप' पद्धत शिकतो, ती त्यांची. मला स्वतःला वीड अधिक जवळचे वाटतात, कारण त्यांनी लिहिणाऱ्याच्या विचारालाच शिस्त लावली. लिहून झालेल्या कागदावर मागाहून कितीही हुशारी केली तरी जे विचारलंच गेलं नाही ते कुठून मिळणार?

आता जरा आपल्या कागदांकडे वळू. 'आर/ओ कॉक्स' ही अक्षरं इथल्या प्रत्येक डॉक्टरने लिहिली आहेत. कॉक्स म्हणजे टीबी, रॉबर्ट कॉख यांच्या नावावरून. भारताबाहेर तयार झालेल्या संगणकप्रणालीला हा शब्द बहुधा ओळखीचा नसतो, ती ही ओळ सोडून देते. शब्द शिकवला, तर दुसरी चूक होते. 'आर/ओ' म्हणजे 'रूल आऊट', डॉक्टरला अजून नुसता संशय आहे. प्रणाली मात्र रुग्णाला टीबी आहे असं मोजते. त्याच पानावर खाली 'मदर हॅड कॉक्स' असेल, तर आईचा आजार मुलीच्या नावावर चढतो. टीबीचा रुग्ण शासनाला कळवणं 2012 पासून बंधनकारक आहे. त्यामुळे ही चूक त्या एका फाइलपुरती राहत नाही, ती जिल्ह्याच्या आकड्यांत जाते.

आजार आहे की नाही, आत्ता आहे की पूर्वी होता, रुग्णाला आहे की नातेवाइकाला, नक्की आहे की शंका आहे, हे ओळखण्याचे नियम इंग्रजीसाठी झालेले आहेत. 2001 मध्ये वेंडी चॅपमन आणि सहकाऱ्यांनी 'नेगेक्स' ही अगदी साधी पद्धत मांडली. नकाराच्या शब्दांची यादी करायची आणि त्यांच्या आसपासच्या पाच-एक शब्दांत कोणती लक्षणं येतात ते पाहायचं. डिस्चार्ज कार्डांवर ती चांगली चालली. पण इंग्रजीत 'नो' बहुतेक वेळा आधी येतो. मराठीत 'नाही' शेवटी येतं. 'ताप, खोकला, दम काही नाही' यातलं 'नाही' तिन्ही लक्षणांना लागू आहे. 'ताप नाही खोकला आहे दम लागतो' यात ते एकाच लक्षणापुरतं आहे, आणि बोलून उतरवलेल्या मजकुरात स्वल्पविराम असेलच असं नाही. 'ताप होता, आता नाही' यात तर फक्त आत्ताचा ताप नाकारलाय, पूर्वीचा नाही. रुग्ण मराठीत सांगतो, डॉक्टर अर्ध्या इंग्रजीत लिहितो, परिचारिका दोन्हींत मिसळून लिहिते. या मिश्र लेखनाचे नियम बाहेरून कोणी करून देणार नाही. ते काम या सभागृहात बसलेल्यांचं आहे.

अशाच अपुऱ्या राहणाऱ्या आणखी एका नोंदीबद्दल, मृत्यूच्या प्रमाणपत्राबद्दल, मला कळकळीनं बोलायचं आहे. 2020 मध्ये देशात नोंदवल्या गेलेल्या मृत्यूंपैकी सुमारे 22.5 टक्के मृत्यूंचंच कारण वैद्यकीय प्रमाणपत्राने नोंदलं गेलं. एवढी थोडी प्रमाणपत्रं, आणि त्यांतल्याही कितीतरींच्या पहिल्या ओळीत 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' लिहून पुढच्या ओळी कोऱ्या सोडलेल्या असतात. हृदय आणि श्वास थांबणं ही मृत्यूची अवस्था आहे, कारण नव्हे. या प्रमाणपत्राच्या फॉर्म चारमधल्या त्या ओळी 'कशामुळे' हे विचारण्यासाठीच आहेत. अर्थ समजणारी प्रणाली पहिली ओळ वाचून तोच प्रश्न पुन्हा विचारू शकते. तिनं उत्तर मात्र सुचवू नये. थकलेला निवासी डॉक्टर समोर आलेली पहिली सूचना मान्य करून पुढे जातो, आणि मग देशाच्या मृत्युकारणांचा तक्ता यंत्राच्या सवयीनं भरला जाईल.

म्हणूनच संभाषण ऐकून आपोआप नोंद लिहिणाऱ्या नव्या साधनांबद्दल मी सावध आहे. डॉक्टरचा टायपिंगचा ताप ती वाचवतात, हे खरं आणि मोलाचं आहे. पण 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, व्हिस्पर या लोकप्रिय प्रणालीने उतरवलेल्या ध्वनिखंडांपैकी सुमारे एक टक्का खंडांत कोणी बोललंच नव्हतं अशी वाक्यं आढळली. नक्कल करून चिकटवण्याची खोड तर आधीचीच आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या नोंदींचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सरासरी 18 टक्के मजकूरच नव्याने टाइप केलेला निघाला. बाकीचा चिकटवलेला किंवा आपोआप ओढून आणलेला होता. जुनी नोंद आजच्या तारखेनं पुन्हा आली, की कालचा ताप आजही चढलेलाच राहतो. कालच्या आणि आजच्या नोंदीतला विरोध दाखवणं हे अर्थविश्लेषणाचं काम आहे, आणि नवा मजकूर निर्माण करण्यापेक्षा मला ते कितीतरी निकडीचं वाटतं.

नोंदीला आजाराचा कोड लावताना रुग्णाचं वाक्य पुसू नका, हा माझा दुसरा आग्रह. साठीच्या मधुमेही बाई म्हणतात, "सकाळपासून जीव घाबरा होतोय." घाईत त्याचं 'अँक्झायटी' होतं, कोड लागतो, आणि पुढचा डॉक्टर कोड वाचतो. मधुमेहात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. त्यांचं मूळ वाक्य कोडच्या शेजारी असेल, तर पुढच्या डॉक्टरला ईसीजी काढायची बुद्धी होईल. मुंग्या येणं, पोटात गोळा उठणं, अंगावरून जाणं, कणकण, कसकस, भोवळ, अंधारी: वऱ्हाडात, कोकणात, मराठवाड्यात ही वाक्यं वेगवेगळ्या तऱ्हेनं येतात. त्यांचा संग्रह करायचा तर रुग्णाची संमती हवी, आणि नुसतं नाव काढून भागणार नाही. लहान गावात वय, गावाचं नाव आणि आजार एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहेच, पण त्याच्याही आधी आपण रुग्णाच्या विश्वासाला बांधलेले आहोत.

या सगळ्याची सुरुवात लहान असावी. एक वॉर्ड, डिस्चार्ज कार्डवरची निदानाची ओळ आणि तीन प्रश्न: आजार कोणता, नक्की की संशय, कधीपासून. जिथे कागदच चालतो तिथे हे तीन प्रश्न कागदावर छापावेत. प्रणाली निवडणाऱ्या समितीवर रेकॉर्ड विभागातली एक व्यक्ती असावी, मतदानाच्या हक्कासह. कोणती ओळ वाचता येत नाही हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. आणि प्रणालीनं विचारलेले किती टक्के प्रश्न डॉक्टरांनी न वाचता बंद केले, हा आकडा दर महिन्याला त्या समितीपुढे यावा. तो वाढत असेल तर प्रश्न कमी करावेत, डॉक्टरांना दोष देऊ नये.

या मुद्द्यांचा मसुदा उद्या सकाळच्या खुल्या सत्रात चर्चेला ठेवणार आहोत. मराठी नकाराच्या नियमांवर काम करू इच्छिणाऱ्या भाषाअभ्यासकांनी आणि एखादा वॉर्ड देऊ शकणाऱ्या रुग्णालयांनी आज संध्याकाळपर्यंत कार्यवाहांकडे नावं द्यावीत.