छप्पर, नकाशा आणि मुकादम



वसंत ऋतूत व्याख्याने करण्याची चाल न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात पाडली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून देशाचे अर्थकारण, धर्म, वाङ्मय अशा थोर विषयांचा ऊहापोह होत आला आहे. आम्ही आज बोलणार आहोत ते गळक्या छपरांविषयी, आणि ती दुरुस्त करणाऱ्या माणसांना गिऱ्हाईक कसे मिळावे याविषयी. विषय लहान वाटेल. परंतु वसंत आणि छप्पर यांचे नाते कोकणपट्टीतल्या माणसाला सांगावे लागत नाही. चैत्र-वैशाखात घर शाकारले नाही, तर मृगाच्या पहिल्या सरीला घरातली भांडी गळतीखाली मांडावी लागतात.

पूर्वी ह्या कामात गिऱ्हाईक शोधण्याचा प्रश्नच नव्हता. उत्तन, पाली, चौक ह्या गावांतून कौलारू घरे होती. कौले उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची, रीपा तपासायच्या आणि आढ्यावरचे कोने पुन्हा बसवायचे, हे काम करणारा माणूस ठरलेला असे. त्याला कोणाचे घर कोठे गळते हे घरमालकाच्या आधी ठाऊक असे. आणि काम वाईट केले, तर पुढच्या वर्षी त्याच वाटेवर तोंड दाखवायचे असे. नकाशा त्याच्या डोक्यात होता आणि हमी त्याच्या अब्रूत होती.

मग शहर वाढले. मीरा-भाईंदरला १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या शिरगणतीत येथे ८ लाखांवर माणसे मोजली गेली. मिठागरांच्या शेजारी इमारती उभ्या राहिल्या. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आले. त्यांच्या गाळ्यांवर सिमेंटचे पत्रे चढले. मीरा रोडच्या जुन्या इमारतींच्या गच्च्या गळू लागल्या, तेव्हा त्यांच्यावरही पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या. छपरे हजारोंनी वाढली, पण छपराखालचा माणूस आणि छपरावरचा माणूस एकमेकांना अनोळखी झाले. त्या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत मुकादम येऊन बसला. सकाळी नाक्यावर उभे राहायचे, मुकादमाने बोट दाखवले तर टेम्पोत चढायचे, संध्याकाळी तो देईल ते घ्यायचे. गिऱ्हाईक कोण, त्याने किती दिले, हे विचारायचे नाही.

अशा परिस्थितीत फोनवरचा नकाशा आमच्या हाती आला. गूगल कंपनीने आपला नकाशा २००५ साली इंटरनेटवर खुला केला. आपल्या इस्रोने ‘भुवन’ नावाचा स्वतःचा नकाशा २००९ साली आणला. ह्या नकाशांत नुसत्या रेघा नसतात. उपग्रहातून व विमानातून घेतलेली जमिनीची छायाचित्रेही असतात. आणि आकाशातून गावाकडे पाहिले तर सर्वांत आधी काय दिसते? छपरेच दिसतात! ज्याचा धंदाच छपराचा, त्याच्यासाठी ही केवढी सोय आहे हे आम्हाला आमच्या संघटनेतल्या एका तरुण पत्रेवाल्याने दाखविले. आम्ही पन्नाशी ओलांडलेली माणसे. आम्हाला नकाशा म्हणजे शाळेच्या भिंतीवर टांगलेली वस्तू. त्याने फोनवर भाईंदर पूर्वेचे गाळे उघडले आणि म्हणाला, “काका, ही निळी चौकट पाहा. ही ताडपत्री आहे. जिथे ताडपत्री, तिथे गळती.”

त्या रविवारी आम्ही पाच-सहाजण मिळून नकाशा वाचायला शिकलो. नवा रंगीत पत्रा उठून दिसतो. सिमेंटचा पत्रा करडा दिसतो आणि वर्षे लोटली की शेवाळाने काळवंडतो. मध्येच वेगळ्या रंगाचे चौकोन दिसले, तर तेथे ठिगळे लावलेली आहेत. ‘गूगल अर्थ’ ह्या त्याच कंपनीच्या दुसऱ्या साधनात मागच्या वर्षांची चित्रेही पाहता येतात. तेव्हा एखादे छप्पर निदान किती वर्षे तसेच आहे, याचा अंदाज बांधता येतो. आम्ही अशी छपरे वहीत टिपली, रस्त्यांप्रमाणे लावली, आणि एप्रिलात, पावसाला अवकाश असताना, दारोदार गेलो.

आता त्यात ज्या चुका झाल्या त्या सांगितल्या पाहिजेत, कारण फायद्याची गोष्ट कोणीही सांगतो. पहिली चूक अशी की, चित्र आजचे आहे असे आम्ही धरून चाललो. ही चित्रे वर्ष-दोन वर्षे, कधी त्याहूनही जुनी असतात. दोन ठिकाणी निळी ताडपत्री पाहून गेलो, तर तेथे नवाकोरा पत्रा चमकत होता. दुसरी गोष्ट, नकाशावर छप्पर दिसते, मालक दिसत नाही. गाळ्यात काम करणारा भाडेकरू म्हणतो मालकाला विचारा, मालक म्हणतो भाडेकरूने करावे. त्या दोघांच्या भांडणात पाऊस येतो. गच्चीवरची शेड असेल, तर तिला महापालिकेची परवानगी आहे की नाही हेही आकाशातून कळत नाही. तिसरी चूक मापाची. नकाशावर छपराचे क्षेत्रफळ बोटाने मोजता येते. परंतु ते वरून पाहिलेले, सपाट माप असते. कौलारू छपराचा उतार ३० अंशांचा असेल, तर वरून १०० चौरस मीटर दिसणारे छप्पर प्रत्यक्षात सुमारे ११५ चौरस मीटर भरते. १० अंश उताराच्या शेडीत हा फरक दीड टक्क्याचाच पडतो. हे न समजता आम्ही उत्तनच्या एका घराचा दर फोनवरच सांगून बसलो आणि पदरचे पैसे घालून रीपा पुऱ्या केल्या. तेव्हापासून आमचा नियम झाला: नकाशाने रस्ता दाखवावा, माप मात्र शिडीवर चढूनच घ्यावे.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे. एका बाईंनी दार उघडताच आम्हाला विचारले, “आमचे छप्पर गळते हे तुम्हाला कोणी सांगितले?” आम्ही नकाशाचे नाव घेतले, तेव्हा त्यांचा चेहरा कठीण झाला. आपल्या घरावर कोणी वरून पाहत आहे, हे कोणाला आवडेल? त्या दिवसापासून आम्ही वस्तीत आधी एक काम मिळवतो, ते नीट करतो, आणि शेजाऱ्यांना ते पाहायला बोलावतो.

हे झाले आपण गिऱ्हाइकाला शोधण्याविषयी. पण आज उलट प्रकारच अधिक घडतो. पाणी गळू लागले की गिऱ्हाईक फोनवर ‘जवळचा पत्रेवाला’ असे लिहून विचारते, आणि नकाशावर लाल खुणा उमटतात. त्या खुणांत आपले नाव असणे, हा आजचा खरा धंदा. अशी नोंद फुकट होते. कंपनी तुमची पडताळणी करते आणि नाव लावते. कोणाचे नाव वर दाखवायचे, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते असे ती कंपनीच सांगते: विचारलेल्या कामाशी मेळ, अंतर, आणि त्या नावाची प्रसिद्धी. ह्या क्रमात वर जाण्यासाठी कंपनीला पैसे देण्याची सोय नाही. जाहिरात वेगळी, तिच्यावर जाहिरात असे लिहिलेले असते. तेव्हा ‘इतके हजार द्या, तुमचे नाव पहिले आणतो’ असे सांगत जो येईल, त्याला पाणी पाजून परत पाठवावे.

परंतु आम्ही हा विषय निवडला तो ह्या खटपटी सांगण्यासाठी नव्हे. एक प्रसंग सांगतो. भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्याचे छप्पर बदलायचे होते. मालकाने नकाशावर पाहिले, चांगले नाव, भरपूर तारे, शेजारचा पत्ता. फोन केला, दर ठरला, पैसे आगाऊ गेले. त्या पत्त्यावर दुकान नव्हतेच. फोन उचलणाऱ्याने कधी शिडीला हात लावला नव्हता. त्याने ते काम एका मुकादमाला दिले, मुकादमाने नाक्यावरून चार पोरे उचलली. जुना सिमेंटचा पत्रा वरून धडधाकट दिसतो, पण तो ठिसूळ असतो; त्यावर फळी टाकून, बोल्टच्या रांगेवरूनच चालावे लागते. पोरांना फळी दिलेली नव्हती, पट्टा दिलेला नव्हता. दुपारी एकाच्या पायाखाली पत्रा फुटला आणि तो यंत्रांच्या मध्ये खाली आला. जीव वाचला, कमरेतून मात्र तो पुन्हा सरळ झाला नाही.

आम्ही संघटनेतर्फे भरपाई मागायला निघालो. गाळेवाला म्हणाला, मी कामगार ठेवले नव्हते. मुकादम म्हणाला, मला काम वरून आले. वर म्हणजे कोठे? त्या फोनवर कोणी उत्तर दिले नाही, आणि काही दिवसांनी नकाशावरची ती खूणही नाहीशी झाली. मंडळी, आम्ही अनेक मालकांच्या दारात बसलो आहोत. पण जिथे दारच नाही तिथे धरणे कसे धरावे, हे आम्हाला त्या दिवशी कळेना.

तेव्हा आमच्या ध्यानात आले की, मुकादम नाक्यावरून उठला आहे आणि नकाशावर जाऊन बसला आहे. ही लढाई महाराष्ट्राला नवी नाही. गोद्यांतून आणि बाजारांतून ओझी वाहणाऱ्या हमालांचाही कायमचा मालक कोणी नव्हता. टोळीवाला आणि मुकादम त्यांच्या नावाने पैसे घेत. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा झाला. मालकाचीही नोंद, कामगाराचीही नोंद, आणि मजुरी मंडळातर्फे, ही त्याची साधी युक्ती. ओझे तेच राहिले, पण ओझे वाहणाऱ्याचे नाव कागदावर आले आणि त्या नावामागे हक्क आले.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, नकाशावरच्या खुणेलाही खरे नाव असावे, आणि ते चढणाऱ्याचे असावे. आमच्यातल्या काही पत्रेवाल्यांनी मिळून एकच नोंद केली. तिच्यात आम्ही खोटा पत्ता घातला नाही. दुकान नाही, तर पत्ता न दाखवता कोणत्या भागात काम करतो तेवढे सांगण्याची मुभा आहे. कामाच्या आधीचे आणि नंतरचे छायाचित्र आम्ही लावतो. अभिप्राय गिऱ्हाइकाने स्वतःच्या मनाने लिहायचा. विकतचे तारे घ्यायचे नाहीत. एका गिऱ्हाइकाने ‘पुन्हा गळले’ असे लिहिले, तेव्हा ते पुसून कसे टाकावे याची चर्चा निघाली. आम्ही म्हटले, पुसू नका, शिडी घेऊन जा. वॉशर बदलला, गळती थांबली, आणि त्याच माणसाने तेही लिहिले. त्या दोन ओळींनी आम्हाला जेवढी कामे दिली, तेवढी स्तुतीने दिली नाहीत.

दरातही आम्ही एक गोष्ट सोडली नाही. फळी, पट्टा आणि दोर यांचा खर्च दरात धरलेलाच असतो. तो वजा करून स्वस्त काम मिळत नाही. जुना सिमेंटचा पत्रा काढायचा असेल, तर तो फोडून खाली टाकायचा नाही. त्यात ॲस्बेस्टॉस असते, आणि त्याची धूळ फुप्फुसांचा घात करते. ॲस्बेस्टॉसच्या खाणींत आणि कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या आरोग्यतपासणीचे व भरपाईचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिले. पण छपरावर हातोडी चालवणाऱ्या एकट्या माणसाची तपासणी कोण करणार? त्याने पत्रा भिजवावा, अखंड उतरवावा, तोंडाला चांगला मुखवटा बांधावा, आणि ह्याला लागणारा वेळ गिऱ्हाइकाने मोजावा.

ह्या नोंदीचा एक फायदा मनात नसताना झाला. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायचे, तर मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मुकादम दाखला देत नाही; दिला तर तो मालक ठरतो. आता प्रत्येक कामाची तारीख, जागा, बिल आमच्या वहीत असते, तेव्हा दाखला मागताना हात पसरावे लागत नाहीत. ही वही आम्ही फोनच्या बाहेर, कागदावर ठेवतो. नकाशा परक्याच्या मालकीचा आहे. उद्या त्याने नियम बदलले, तर आमची खूण जाईल, पण गिऱ्हाइकांची वही जाणार नाही.

कोणी विचारील, एवढ्याने त्या पडलेल्या पोराला काय मिळाले? काही मिळाले नाही. हे आम्ही लपवीत नाही. संघटना काढलेली वर्गणी त्याच्या घरी पोचवते, त्याला भरपाई म्हणता येत नाही. म्हणूनच आज आम्ही धंदेवाल्यांपेक्षा आपणा श्रोत्यांशी बोलत आहोत, कारण आपणच गिऱ्हाईक आहात. मृगाला आता फार दिवस नाहीत. आपणही फोन उघडाल, नकाशावर पत्रेवाला शोधाल. पैसे देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. छपरावर चढणार कोण, त्याचे नाव काय? फळी आणि पट्टा आहे का? आणि काही झाले, तर आपण कोणाच्या दारात यायचे? उत्तर देणारा माणूस भेटला, तर दर थोडा जास्त असला तरी त्यालाच काम द्या.

छप्पर आपले असते, पण काही तासांपुरते ते कोणाच्या तरी पायाखाली असते. तेवढ्या तासांची जबाबदारी आपण ओळखावी, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.