दरमहाचा प्रेक्षक

(मुठा, ता. मुळशी येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



दरमहा पैसे घेऊन मोबाइलवर सिनेमे दाखवणारी कंपनी मोठी कशी होते आणि मराठीत तशी कंपनी चालवणे एवढे जड का जाते, हा आजचा विषय. विषय मुंबईचा वाटतो खरा. पण या धंद्याचा निकाल गावोगावच्या मोबाइलवर लागतो, म्हणून तो मुठ्यातही बोलण्यासारखा आहे.

गोष्ट अमेरिकेत सुरू होते. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात रीड हेस्टिंग्ज आणि मार्क रँडॉल्फ यांनी नेटफ्लिक्स काढली. ती टपालाने डीव्हीडी भाड्याने पाठवायची. आपल्याकडचा कॅसेट लायब्ररीवाला दिवसाचे भाडे घ्यायचा आणि कॅसेट उशिरा आली की जादा पैसे लावायचा. तिकडेही तीच रीत होती. १९९९ मध्ये नेटफ्लिक्सने ती मोडली. महिन्याची ठरावीक रक्कम भरा, डीव्हीडी हवी तितके दिवस ठेवा, दंड नाही. २००७ मध्ये तेच सिनेमे इंटरनेटवरून घरी दिसू लागले. ब्लॉकबस्टर ही भाड्याच्या दुकानांची मोठी साखळी २०१० मध्ये दिवाळखोरीत निघाली.

मुळशीतल्या दूधवाल्यांना हा धंदा समजावून सांगायला नको. हा रतीब आहे. सुटे दूध विकणाऱ्याला रोज गिऱ्हाईक शोधावे लागते. रतिबाचे घर महिनाभर आपले असते. पण दोन दिवस दूध चुकले किंवा पातळ आले, की तेच घर दुसऱ्याकडे जाते. थिएटरात सिनेमा पडला तरी तिकिटाचे पैसे गल्ल्यात जमा झालेले असतात. वर्गणीच्या धंद्यात मात्र गिऱ्हाईक महिनाअखेरीला पुन्हा विचार करते.

म्हणूनच या कंपन्या निर्मितीत उतरल्या. दुसऱ्याचा सिनेमा करारावर घेतला तर मुदत संपताच तो निघून जातो, आणि उद्या मूळ मालकच स्वतःचे अ‍ॅप काढतो. २०१३ मध्ये नेटफ्लिक्सने ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’ या मालिकेच्या पहिल्या पर्वाचे सगळे भाग एकाच दिवशी दाखवले. ही मालिका पाहायची तर वर्गणी भरण्यावाचून मार्ग नव्हता.

भारतात नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये आली. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ सुरू झाले आणि डेटा स्वस्त झाला. खरा बदल त्याने घडवला, कारण आपला पडदा मोबाइलचा आहे. नेटफ्लिक्सलाही ते उमगले. २०१९ मध्ये तिने फक्त मोबाइलसाठी १९९ रुपयांची योजना काढली आणि डिसेंबर २०२१ मध्ये ती १४९ वर आणली. डोंगराआड रेंज जाते, त्यावरही उपाय निघाला. इंटरनेट मंदावले की चित्र आपोआप थोडे धूसर होते, पण सहसा थांबत नाही. आणि २०१६ च्या अखेरीस आलेल्या डाउनलोडच्या सोयीमुळे पौडला रेंज असताना उतरवून घेतलेला सिनेमा वाडीवर रेंजशिवाय पाहता येतो.

एवढ्या बलाढ्य कंपनीलाही गिऱ्हाइकाने झटका दिला. २०२२ च्या पहिल्या तीन महिन्यांत तिचे दोन लाख वर्गणीदार घटले, पुढच्या तिमाहीत आणखी नऊ लाखांहून अधिक. मग काही देशांत जाहिरातींसह स्वस्त योजना आली, एकाच्या पासवर्डवर चार घरांनी पाहण्याला चाप बसला, आणि २०२४ च्या अखेरीस आकडा तीस कोटींच्या वर गेला. मेहुण्याच्या पासवर्डवर पाहणारे आपल्यातही आहेत. ते कोण, हे मी विचारणार नाही.

आता आपल्या घरात येऊ. या मोठ्या कंपन्यांनी मराठीला दार उघडले. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘फायरब्रँड’ आणि ‘१५ ऑगस्ट’ हे मराठी चित्रपट आले. २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनवर ‘पिकासो’ आला, त्यात कोकणातले दशावतारी कलावंत होते. त्याच वर्षी दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ नेटफ्लिक्सवर आला. त्याच्या पटकथेला व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा पुरस्कार आधीच मिळाला होता. पण परक्या दुकानात मराठीला एक फळी मिळते, दुकान मिळत नाही.

स्वतःचे दुकान मांडण्याचा ठळक प्रयत्न अक्षय बर्दापूरकर यांच्या प्लॅनेट मराठीने केला. जून २०२१ मध्ये तिथे ‘जून’ हा चित्रपट आला, ऑगस्टअखेर माधुरी दीक्षित यांच्या हस्ते अ‍ॅप सुरू झाले. पुढे दिग्दर्शक संजय जाधव यांची ‘अनुराधा’ आणि २०२२ मध्ये अभिजित पानसे यांची ‘रानबाजार’ या मालिका आल्या आणि त्यांची चर्चा झाली.

अडचण चर्चेच्या पुढची आहे. समजा, एका मालिकेला दोन कोटी लागले आणि महिन्याची वर्गणी पन्नास रुपये आहे. तर नुसता खर्च भरून काढायला महिनाभराच्या चार लाख वर्गण्या हव्यात. मालिका हजारांनी पाहिली काय, लाखांनी पाहिली काय, बनवण्याचा खर्च तोच. नेटफ्लिक्स तो खर्च जगभरच्या प्रेक्षकांवर वाटते. मराठी कंपनीला तो मराठी माणसांवरच वाटावा लागतो. २०११ च्या जनगणनेनुसार आपण सव्वाआठ कोटींहून अधिक आहोत, म्हणजे गिऱ्हाईक कमी नाही. पण त्या गिऱ्हाइकाला रिचार्जबरोबर इतर अ‍ॅप फुकट मिळतात आणि यूट्यूब तर फुकटच आहे. शिवाय एक मालिका पाहून माणूस निघून जातो. त्याला थांबवायचे तर दुसरी तयार हवी, आणि तिच्यासाठी पैसा पहिलीतून सुटलेला हवा. हे चक्र फिरले तरच कंपनी वाढते.

मराठी आहे म्हणून पैसे भरा, असे मी सांगणार नाही. दयेवरचा धंदा दोन महिने चालतो. माझी विनंती साधी आहे. जे मराठी काम आवडेल त्याची वर्गणी स्वतःच्या नावाने भरा, चोरून उतरवलेली प्रत पुढे पाठवू नका, आणि काम नावडले तर वर्गणी बेधडक बंद करा. पैसे भरणारा आणि वेळ आली की बंद करणारा प्रेक्षकच चांगले काम करून घेतो. मराठीला असे प्रेक्षक काही लाखांनी हवे आहेत.