सभागृहातल्या रिकाम्या जागा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

विधानसभेचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात २८८ आमदारांची यादी छापून येते. ती कापून ठेवणारी मंडळी मला माहीत आहेत. स्पर्धा परीक्षेला बसणारी मुलं ती पाठ करतात, तालुक्याच्या गावी ती एखाद्या दुकानात काचेखाली दिसते. आपली समजूत अशी, की आता पाच वर्षांची निश्चिंती. पण मी बरीच वर्षं विधिमंडळाच्या पत्रकार कक्षात बसून कामकाज पाहिलं. तिथं एक सवय लागली. यादी पेन्सिलीनं दुरुस्त करत राहायची. कुणी जातं, कुणी राजीनामा देतं, कुणी उजवीकडच्या बाकांवरून डावीकडे येतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये निवडून आलेल्या चौदाव्या विधानसभेची माझी यादी पाच वर्षांनी इतकी खाडाखोडीची झाली होती, की मूळ नाव कुठलं ते शोधावं लागे.

श्रोतेहो, आज मला बोलायचं आहे ते या मधल्या बदलांबद्दल. कोण कुणाला सोडून कुठं गेलं, हे तुम्ही टीव्हीवर भरपूर पाहिलं आहे. त्यात मी भर घालणार नाही. जागा रिकामी झाली की ती कधी भरायची आणि नाही भरली तर नुकसान कुणाचं, एवढंच मी विचारणार आहे.

प्रत्येक अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी शोकप्रस्ताव असतो. बहुतेक वेळा त्यात माजी सदस्यांची नावं असतात. या विधानसभेत विद्यमान सदस्यांची नावं वारंवार आली. पंढरपूरचे भारत भालके नोव्हेंबर २०२० मध्ये गेले, देगलूरचे रावसाहेब अंतापूरकर एप्रिल २०२१ मध्ये, कोल्हापूर उत्तरचे चंद्रकांत जाधव त्याच वर्षी डिसेंबरात, अंधेरी पूर्वचे रमेश लटके मे २०२२ मध्ये. मग कसब्याच्या मुक्ता टिळक आणि पाठोपाठ चिंचवडचे लक्ष्मण जगताप. शेवटचे दोघे जून २०२२ मध्ये गंभीर आजारी असतानाही राज्यसभेच्या मतदानाला विधान भवनात आले होते. एकेका मताची किंमत तेव्हा किती वाढली होती, हे त्यावरून कळावं.

अशी जागा रिकामी झाली की लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो, सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्या. हे कलम चांगलं आहे आणि वर सांगितलेल्या बहुतेक ठिकाणी ते पाळलं गेलं. पण सहा महिने म्हणजे काय, ते अधिवेशनांच्या वेळापत्रकावर ठेवून पाहा. पंढरपूरचा निकाल २ मे २०२१ रोजी लागला. मधल्या काळात मार्चमधलं अर्थसंकल्पीय अधिवेशन होऊन गेलं होतं. कोल्हापूर उत्तरला जयश्री जाधव एप्रिल २०२२ मध्ये निवडून आल्या, तोवर त्या वर्षीचा अर्थसंकल्पही मंजूर झाला होता. देगलूरचं पावसाळी अधिवेशन हुकलं. म्हणजे बहुतेक ठिकाणी मुदत पाळली गेली, पण ज्या दिवसांत आमदाराचं काम असतं नेमके तेच दिवस गेले. अर्थसंकल्पाच्या वेळी आपल्या भागातला रस्ता, पूल, पाण्याची योजना यांसाठी भांडणारं माणूस तिथं नसलं, तर पुढं वर्षभर ते काम फाइलीत पडून राहतं.

अंधेरीची पोटनिवडणूक तर वेगळ्याच कारणासाठी लक्षात राहिली. ऋतुजा लटके मुंबई महापालिकेत नोकरीला होत्या. त्यांचा नोकरीचा राजीनामा मंजूर व्हावा म्हणून उच्च न्यायालयात जावं लागलं. नंतर प्रमुख विरोधी उमेदवारानं माघार घेतली आणि मतमोजणीत दुसऱ्या क्रमांकावर ‘नोटा’ आला.

निवडून आल्यावरही लगेच आसनावर बसता येत नाही बरं का! आधी शपथ. शपथ न घेता सभागृहात बसलं किंवा मत दिलं, तर राज्यघटनेनं दिवसाला ५०० रुपये दंड सांगितला आहे. १९५० साली ही रक्कम जबर होती. आज तिचं काही वाटणार नाही, पण घटनाकारांनी एवढा बारीक विचार केला होता.

आता सहा महिन्यांच्या नियमाला एक अपवाद आहे. सभागृहाची उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल, तर पोटनिवडणूक बंधनकारक नाही. अकोला पश्चिमचे गोवर्धन शर्मा, सहा वेळा निवडून आलेले आमदार, नोव्हेंबर २०२३ मध्ये गेले. निवडणूक आयोगानं लोकसभेबरोबरच तिथली पोटनिवडणूक जाहीर केली होती. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ती रद्द केली. नव्या आमदाराला मिळणारा काळ फारच थोडा, हे कारण. खर्चाच्या दृष्टीनं ते पटण्यासारखंही आहे. पण अकोल्याच्या बाजूनं पाहा. डिसेंबर २०२३ चं नागपूर अधिवेशन, २०२४ चं अर्थसंकल्पीय आणि पावसाळी अधिवेशन, शिवाय २० फेब्रुवारी २०२४ चं मराठा आरक्षणाचं एक दिवसाचं विशेष अधिवेशन, यातल्या कशातही त्या मतदारसंघाचा माणूस नव्हता. खानापूरचे अनिल बाबर जानेवारी २०२४ च्या शेवटी गेले, करवीरचे पी. एन. पाटील मे महिन्यात. ते मतदारसंघही नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत तसेच राहिले. वर्षाला थोडं कमी पडतं म्हणून लाखो मतदारांनी गप्प बसायचं, हा हिशेब मला तरी कधी नीट पटला नाही.

मृत्यू कुणाच्या हातात नसतो. पण माणूस हयात आहे, आमदारकी शाबूत आहे आणि तरी जागा रिकामी, असंही या विधानसभेत घडलं. ५ जुलै २०२१ रोजी, दोन दिवसांच्या पावसाळी अधिवेशनात, भाजपच्या १२ आमदारांना गैरवर्तनाबद्दल एक वर्षासाठी निलंबित करण्यात आलं. त्या दिवशी गोंधळ झाला होता हे खरंच, आणि सभागृहानं शिस्त लावायला हवी यातही वाद नाही. परंतु २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो ठराव रद्द केला. चालू अधिवेशनाच्या उरलेल्या काळापुरतंच निलंबन करता येतं, त्यापुढचं घटनाबाह्य, असा निकाल दिला. त्यामागचा विचार सामान्य माणसानं समजून घ्यावा असा आहे. आमदाराला काढूनच टाकलं तर जागा रिकामी होते आणि सहा महिन्यांत दुसरा निवडता येतो. वर्षभर निलंबित ठेवलं तर जागाही रिकामी होत नाही आणि बोलायलाही कुणी नाही. शिक्षा आमदाराला दिली, पण ती भोगायची मतदारसंघानं. हाडतूड झाली ती पक्षाची म्हणून ज्यांनी हा निकाल पाहिला, त्यांच्या हातून मुद्दा निसटला असं मी म्हणेन.

साध्या आमदाराच्या जागेसाठी निदान सहा महिन्यांचं कुंपण आहे. वरच्या खुर्च्यांना ते नाही. विधानसभेच्या अध्यक्षाचं पद रिकामं झालं, तर ते शक्य तितक्या लवकर भरावं, एवढंच घटनेत म्हटलं आहे. किती लवकर, ते सांगितलेलं नाही. घटनाकारांना बहुधा वाटलं असावं, की अध्यक्षाशिवाय सभागृह चालवायचं कुणाच्या मनातच येणार नाही.

नाना पटोले १ डिसेंबर २०१९ रोजी बिनविरोध अध्यक्ष झाले आणि ४ फेब्रुवारी २०२१ रोजी, पक्षाची धुरा घेण्यासाठी, पायउतार झाले. त्यानंतर जवळजवळ १७ महिने त्या खुर्चीवर कुणाची निवड झाली नाही. लागोपाठ चार अधिवेशनं उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि तालिका अध्यक्षांनी चालवली. सरकारकडं कागदावर भरपूर बहुमत होतं. विश्वासदर्शक ठरावाला १६९ मतं पडली होती. मग निवडणूक का नाही? कारण मतदान गुप्त होतं. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारनं नियम बदलून ते खुलं केलं. निवडणुकीची तारीख राज्यपालांनी ठरवायची असते, त्यांनी या बदलावर आक्षेप घेतला आणि तारीख काही मिळाली नाही. मला विचाराल तर दोन्ही बाजूंनी ‘शक्य तितक्या लवकर’ या शब्दांची लाज राखली नाही.

जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली, तेव्हा ही रिकामी खुर्ची एकदम सगळ्यांना आठवली. १६ आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा गेल्या त्या उपाध्यक्षांकडून, आणि त्याच उपाध्यक्षांना पदावरून दूर करा अशी नोटीस विरुद्ध बाजूनं दिली. ज्याच्यावर अशी नोटीस आहे त्यानं अपात्रतेचा निर्णय करावा का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. ११ मे २०२३ च्या निकालात तो सात न्यायमूर्तींच्या पीठाकडं सोपवण्यात आला. पूर्ण अध्यक्ष असता तर सगळं वेगळं घडलं असतं, असं मी म्हणत नाही. त्याच्याविरुद्धही तशी नोटीस देता येतेच. पण १७ महिने जे जमलं नाही ते पुढं किती झटपट झालं, पाहा. ३० जूनला एकनाथ शिंदे यांचा शपथविधी झाला, ३ जुलैला राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी अध्यक्ष झाले आणि ४ जुलैला विश्वासदर्शक ठराव मंजूर झाला. त्या अपात्रतेच्या अर्जांवर निर्णय मात्र १० जानेवारी २०२४ रोजी आला. दीड वर्ष. अपात्र कुणीच ठरलं नाही.

अधिवेशन चालू असताना सरकार जाणं महाराष्ट्राला नवं नाही. जुलै १९७८ मध्ये पावसाळी अधिवेशनातच वसंतदादा पाटील यांचं सरकार गेलं आणि १८ जुलैला शरद पवार मुख्यमंत्री झाले. तेव्हा पक्षांतरबंदी कायदा नव्हता, तो १९८५ साली आला. कायदा नसताना जे काही दिवसांत मिटलं, ते कायदा आल्यावर दीड-दीड वर्ष लोंबकळू लागलं, ही गंमत म्हणावी की काय म्हणावं!

चौदाव्या विधानसभेनं तीन मुख्यमंत्री पाहिले हे सर्वांना ठाऊक आहे. तीन विरोधी पक्षनेतेही पाहिले, हे कमी जणांच्या लक्षात असतं. आधी देवेंद्र फडणवीस, जुलै २०२२ पासून अजित पवार, ऑगस्ट २०२३ पासून विजय वडेट्टीवार. यातले पहिले दोघे विरोधी पक्षनेतेपदावरून थेट उपमुख्यमंत्री झाले. २ जुलै २०२३ च्या रविवारी दुपारी अजित पवारांनी शपथ घेतली आणि विरोधकांच्या बाकांवरची पहिली जागा मोकळी झाली. पंधरवड्यात पावसाळी अधिवेशन सुरू झालं, ते बहुतेक सगळं विरोधी पक्षनेत्याविना चाललं.

विरोधी पक्षनेता नसला तर काय बिघडतं, असं लोक विचारतात. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी सरकारचं चहापान आणि विरोधकांचा बहिष्कार, एवढंच त्यांना दिसतं. पण अंतिम आठवड्याचा प्रस्ताव विरोधकांच्या हातातलं मोठं हत्यार असतं. कामकाजाचा क्रम ठरताना सरकारला थांबवणारा माणूस तोच. तो उठला की अध्यक्षांना त्याला बोलू द्यावंच लागतं. पन्नास जणांनी एकदम ओरडून जे होत नाही, ते त्या एका माणसाच्या उठून उभं राहण्यानं होतं. पत्रकार कक्षातून हे फार स्पष्ट दिसतं.

विधान परिषदेची कथा तर आणखी लांबलेली. राज्यपालनियुक्त १२ जागा जून २०२० मध्ये रिकाम्या झाल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये एका सरकारनं नावं पाठवली, ती पडून राहिली. पुढच्या सरकारनं ती यादी मागं घेतली. अखेर १५ ऑक्टोबर २०२४ रोजी सात जणांचा शपथविधी झाला, आणि त्याच दिवशी विधानसभा निवडणूक जाहीर झाली. साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यांतल्या माणसांसाठी घटनेनं ठेवलेल्या या जागा चार वर्षं कुणालाच मिळाल्या नाहीत. परिषदेच्या सभापतींचं पदही रामराजे नाईक-निंबाळकर यांची मुदत ७ जुलै २०२२ रोजी संपल्यापासून रिकामं होतं. उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी कामकाज चालवलं. १९ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राम शिंदे यांची बिनविरोध निवड झाली. बिनविरोधच व्हायची होती, तर अडीच वर्षं कशाला लागली?

त्याच नागपूर अधिवेशनाच्या सुमारास नव्या, पंधराव्या विधानसभेत दुसरा वाद सुरू झाला. निवडणुकीत विरोधकांची संख्या इतकी घटली, की एकाही विरोधी पक्षाकडं एकूण सदस्यांच्या एक दशांश जागा उरल्या नाहीत. या दहा टक्क्यांचा आकडा विरोधी पक्षनेत्याच्या कायद्यात नाही, तो परंपरेतून आला आहे. कायदा पाहतो तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता. मार्च २०२५ मध्ये शिवसेना ठाकरे गटानं भास्कर जाधव यांचं नाव अध्यक्षांकडं दिलं. निर्णय किती दिवसांत द्यायचा, याला इथंही मुदत नाही. अर्थसंकल्पीय अधिवेशन संपलं तेव्हा ते पत्र अध्यक्षांच्या विचाराधीनच होतं.